आलेलें पत्र कोठें पसरावें?

(शास्त्रपाठ : २ राजे १८:१७ ते १९:३७)



यहूदाचा राजा हिज्कीया ह्याच्या हातीं एके दिवशीं एक पत्र आलें. तें अश्शूरच्या राजाच्या जासुदांनीं आणिलें होतें. राजानें तें त्यांच्या हातून घेतलें, वाचिलें, आणि तें तसेंच हातीं धरून तो परमेश्वराच्या मंदिरांत चढून गेला. तेथें त्यानें तें परमेश्वरासमोर पसरून ठेविलें. शास्त्रांत ही हकीकत एकाच वचनांत आटोपली आहे. तथापि ज्या काळांत असलीं पत्रें दिवसाचे चोवीस तास प्रत्येकाच्या खिशांत येऊन पडतात, त्या काळच्या ख्रिस्ती मनुष्यानें ह्या एका वचनापाशीं बराच वेळ थांबावें असें मला वाटतें.

पत्रांतील मजकूर साधा नव्हता. सन्हेरीब राजाची ही स्वारी ख्रिस्तपूर्व ७०१ ह्या वर्षीं झाली. ह्या राजानें आपल्या पराक्रमाची हकीकत मातीच्या षट्कोनी स्तंभावर लिहवून ठेविली आहे. तो स्तंभ इ. स. १८३० मध्यें निनवेच्या अवशेषांत सांपडला व आज लंडन येथील ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. त्यांत तो सांगतो कीं, आपण यहूदाचीं ४६ तटबंदीचीं नगरें घेतलीं आणि हिज्कीयाला पिंजऱ्यांत पक्षी कोंडावा तसें त्याच्याच राजधानींत कोंडिलें. लाखीश नगराचा पाडाव त्यानें आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरविला. तीं शिल्पेंही त्याच संग्रहालयांत आहेत. सारांश, हिज्कीयाच्या हातांतील पत्र म्हणजे बाजारगप्प नव्हती. शत्रु जें केलें म्हणून सांगत होता, तें त्यानें खरोखरच केलें होतें.

पत्राच्या आधीं यरुशलेमच्या तटाजवळ काय झालें तेंही पाहा. अश्शूरचा सरदार रब्शाके तटाखालीं उभा राहून मोठ्यानें बोलूं लागला. राजाचे कारभारी एल्याकीम, शेबना व यवाह ह्यांनीं त्याला विनविलें कीं, आपण अरामी भाषेंत बोलावें, ती आम्हांस समजते. तटावर बसलेल्या लोकांच्या कानीं पडेल अशा यहूदी भाषेंत बोलूं नये. त्यानें तें ऐकिलें नाहीं. उलट तो आणखी आवाज चढवून यहूदी भाषेंतच ओरडला. त्याला कारभाऱ्यांशीं बोलावयाचें नव्हतेंच. तटावरील साध्या लोकांच्या काळजाचें पाणी करावयाचें होतें. भय पसरविणारा मनुष्य नेहमीं ऐकणाऱ्याच्या घरच्या बोलींत बोलतो.

त्याच्या भाषणाची घडणही विचार करण्याजोगी आहे. मिसर देशावर विसंबण्यांत अर्थ नाहीं असें तो म्हणाला. हें खरें होतें, यशया संदेष्टाही तेंच सांगत होता. हिज्कीयानें उच्च स्थानें व वेद्या काढून टाकिल्या असें तो म्हणाला; हेंही खरें होतें. परंतु त्यावरून त्यानें असें भासविलें कीं, ज्याच्या वेद्या तुमच्या राजानें पाडिल्या तो देव आतां तुम्हांस कशाला तारील? दोन खऱ्या गोष्टींच्या पोटांत एक विषाची गोळी ठेवून तो ती पुडी लोकांच्या हातीं देत होता. निव्वळ खोटें गांवांत फार दिवस चालत नाहीं, लोक तें ओळखतात. खऱ्यांत कालविलेलें खोटें मात्र घरोघर पोहोंचतें, व तें पोहोंचविणारा आपण पुण्यकर्म करीत आहों असेंच समजतो.

ह्याचें भयंकर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलें आहे. धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा म्हणून गांव आहे. ता. १ जुलै २०१८ रोजीं, रविवारच्या बाजारच्या दिवशीं, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष तेथें आले. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून सर्वत्र पसरली होती. लोकांनीं त्या पांचांस धरिलें, ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडिलें आणि मारून मारून ठार केलें. पांचही जण निरपराध होते. ज्यांनीं काठ्या उगारिल्या त्यांचा न्याय करणें हें न्यायालयाचें काम. परंतु ज्यांनीं तो संदेश वाचून, आपल्या लेकरांच्या काळजीनें, दहा घरीं पुढें पाठविला, त्यांच्या हातीं काठी नव्हती, केवळ एक बोट होतें. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये, असा निर्बंध भारतापुरता घातला. कंपनीला हें माणसें मेल्यावर सुचलें. निर्गमाच्या २३ व्या अध्यायाचा आरंभच खोट्या वार्तेला थारा न देण्याच्या आज्ञेनें होतो, आणि ती आज्ञा आपल्या घरांतील शास्त्रांत आधींपासून आहे.

मराठींत पत्रही पसरतात आणि बातमीही पसरवितात. शब्द एकच, परंतु हिज्कीयानें आपलें पत्र कोणापुढें पसरलें? तो तटावर चढून तें लोकांस वाचून दाखवूं शकला असता, अथवा कारभाऱ्यांस जमवून रात्रभर चर्चा करीत बसला असता. त्यानें आधींच आज्ञा दिली होती कीं, रब्शाकेला उत्तर देऊं नये, व लोकांनीं ती पाळिली. तटावर कोणी एक शब्द बोललें नाहीं. मला तर वाटतें, त्या वेढ्यांतील पहिला विजय हाच होता. ज्यांच्या जिवावर बेतलें आहे अशा लोकांस गप्प राहणें किती कठीण असेल ह्याचा विचार करा. आपणांस तर कोणीतरी कोठेंतरी कांहींतरी बोलल्याचें कळलें तरी उत्तर दिल्यावांचून राहवत नाहीं.

मग मंदिरांत त्यानें काय प्रार्थना केली? पुष्कळ भाविक जन समजतात कीं, विश्वासाचा मनुष्य म्हणजे वाईट बातमी खरी मानीत नाहीं तो. हिज्कीया तसा नव्हता. अश्शूरच्या राजांनीं राष्ट्रें व त्यांचे देश उजाड केले आहेत हें खरें आहे, असें त्यानें देवासमोर स्पष्ट कबूल केलें. शत्रूच्या पत्रांतील जें खरें तें त्यानें खरें म्हणून वाचिलें. त्यानें त्यांत एकच गोष्ट जोडिली, जी पत्रांत नव्हती : करूबांवर आरूढ असलेला देव पृथ्वीच्या सर्व राज्यांचा देव आहे व त्यानेंच आकाश व पृथ्वी केली. सन्हेरीबाच्या लेखकानें ही बातमी लिहिली नव्हती. कोणत्याही काळचीं वर्तमानपत्रें ती लिहीत नाहींत. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं, तें त्यांचें कामच नव्हे. तें काम मंडळीचें आहे.

आतां कोणी म्हणेल, पाळकसाहेब, मग आम्हीं बातम्या वाचूंच नयेत काय? असें मी कसें म्हणूं? हें वाक्य आपण एका वर्तमानपत्रांतच वाचीत आहां. मराठी ख्रिस्ती लोकांचें ‘ज्ञानोदय’ पत्र अहमदनगर येथें १८४२ सालीं निघालें, म्हणजे वर्तमानपत्र वाचण्याची संवय आपल्या मंडळ्यांस फार जुनी आहे. शिवाय ज्या तारणावर आपण जगतों त्याला आपल्या भाषेंत शुभवर्तमान हेंच नांव आहे. कोणीतरी वाट तुडवीत येऊन आपल्या आजापणजांस एक बातमी सांगितली, म्हणून आपण आज ख्रिस्ती आहों. भेद येथें आहे कीं, साप्ताहिक येत असे तें आठवड्यांतून एकदां. तें वाचून होई, त्यावर बोलणें होई, आणि मग सहा दिवस मनुष्याला आपल्या शेताकडे, आपल्या लेकरांकडे व आपल्या देवाकडे पाहण्यास मोकळे मिळत. आतांच्या बातमीला शेवटचें पान नाहीं. बोटानें ती वर सारावी तों खालून दुसरी येते. एलीची गोष्ट आपणांस ठाऊक आहे : ९८ वर्षांचा तो वृद्ध याजक वाटेच्या कडेला आसनावर बसून रणांतील वर्तमानाची वाट पाहत होता, कोशासाठीं त्याचें हृदय कांपत होतें. एली एकच दिवस तसा बसला. आपल्यांतले कित्येक रोज तसेच बसतात, रात्रीं उशाला मोबाईल ठेवून, आणि मग झोप लागत नाहीं म्हणून पाळकाला प्रार्थनेस बोलावितात.

कांदा पिकविणाऱ्या बंधूंस मी हें सांगूं इच्छितों. ता. ८ डिसेंबर २०२३ रोजीं सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली व ती ४ मे २०२४ रोजीं उठविली. अशा वेळीं लासलगांवच्या बाजारांत काय भाव निघाला हें न पाहणारा शेतकरी भाविक नव्हे, तो निष्काळजी होय. ती बातमी त्याच्या कामाची आहे. तिच्यावरून चाळींतला कांदा आज काढावा कीं ठेवावा हें ठरतें. परंतु ती सकाळीं एकदां पाहिल्यानें जो निर्णय होतो तोच ती दहा वेळां पाहिल्यानें होतो. राहिलेल्या नऊ वेळां त्यानें भाव पाहिला नाहीं, आपलें भय पाहिलें.

ह्याहून निराळी गोष्ट अशा बातम्यांची, ज्या खऱ्या आहेत, दुःखाच्या आहेत, पण आपल्या हातांबाहेरच्या आहेत. ता. ३ मे २०२३ पासून मणिपुरांत मैतेई व कुकी लोकांत जो अनर्थ झाला, त्यांत शेकडों घरें, पुष्कळ ख्रिस्ती प्रार्थनागृहें व मंदिरेंही जळालीं. हजारों लोक निर्वासित झाले. तेथील इंटरनेट सरकारनें बंद केलें होतें. ४ मे रोजीं दोन स्त्रियांची जी विटंबना झाली तिचें चित्रण १९ जुलै रोजीं बाहेर आलें, आणि मग तें देशभर हातोहात फिरलें. आपल्या खेड्यांतील ख्रिस्ती घरांतही तें पोहोंचलें. येथें मी कठोर बोलणार आहें. त्या बहिणींचें दुःख जाणून घेणें वेगळें व त्यांच्या लाजेचें चित्र पाहणें वेगळें. तें चित्र जो पुढें धाडितो तो हळहळ करीत धाडीत असला तरी त्या स्त्रियांस आणखी एकदां गर्दींत उभें करितो. नोहाच्या दोघां पुत्रांनीं बापाची उघडी स्थिति ऐकिली तेव्हां ते पाठमोरे चालत गेले व त्यांनीं त्याजवर वस्त्र घातलें. त्यांना बातमी कळली होतीच. पाहण्याची त्यांना गरज वाटली नाहीं.

मग अशा बातमीचें करावें काय? लूकाच्या १३ व्या अध्यायांत कांहीं लोकांनीं प्रभु येशूला एक ताजें वर्तमान आणून सांगितलें कीं, पिलातानें कित्येक गालीली लोकांस त्यांच्या यज्ञाच्या वेळींच मारिलें. प्रभूनें पिलाताविषयीं एक शब्दही काढिला नाहीं, व मेलेल्यांच्या पापाचा हिशेबही करूं दिला नाहीं. त्यानें बातमी आणणाऱ्यांसच पश्चात्तापाला बोलाविलें. हें उत्तर आपणांस रुचत नाहीं, कारण बातमी सांगणारा सहसा दुसऱ्याच्या अपराधाविषयीं बोलावयास आलेला असतो.

आणि नहेम्या पाहा. यरुशलेमचा तट पडला आहे व वेशी जळाल्या आहेत, हें शूशन नगरांत त्याच्या भावानें त्याला सांगितलें. तो खालीं बसला, रडला, उपास करून प्रार्थना करीत राहिला. किस्लेव महिन्यांत त्यानें ऐकिलें व नीसान महिन्यांत तो राजापुढें बोलला, म्हणजे सुमारें चार महिने ती एकच बातमी त्यानें देवापुढें धरिली. चार महिन्यांत आपल्या हातांतून किती बातम्या निसटून जातात! नहेम्यापाशीं एकच राहिली, म्हणून तिच्यांतून तट उभा राहिला. आपल्या महाराष्ट्रांतही असें झालें आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतील लोकांच्या हालांचें वर्तमान पंडिता रमाबाईंच्या कानीं आलें. रमाबाईंचे स्वतःचे आईबाप व बहीण पूर्वीं दुष्काळाच्या हालांतच मरण पावलीं होतीं. त्या देशांतील सर्व भुकेल्यांस अन्न देऊं शकत नव्हत्या. त्या उठून तिकडे गेल्या व सुमारें ३०० मुली घेऊन आल्या; पुढें केडगांव येथें त्यांचें घर झालें. दुष्काळ लाखोंचा होता, पण बाईंनीं हात तीनशेंचे धरिले.

खेड्यांतील उपदेशक बंधूंसाठीं एक व्यवहाराची गोष्ट लिहितों. मंडळींतील माणसें संध्याकाळच्या प्रार्थनेला येतात तीं दिवसभराच्या बातम्यांनीं कान भरूनच येतात. तें ओझें बाहेर ठेवून या असें म्हणून भागत नाहीं, कारण तें तीं ठेवीत नाहींत, झांकून आंत आणितात. तर तें उघडून आंत आणवावें. एका लहान मंडळींत एक म्हातारी बाई आहे, तिला दिसत नाहीं, म्हणून नातू तिला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवितो. ती त्याला म्हणते, “वाच बाळा, पण एकेक वाच. आधी त्याच्यासाठी मागून घेऊ, मग पुढचं.” एक पूर आला कीं त्या गांवासाठीं, एक खून झाला कीं दोन्ही घरांसाठीं. तिचें सबंध वर्तमानपत्र आजवर कधींही वाचून पुरें झालेलें नाहीं. तिसऱ्या चौथ्या बातमीपाशीं ती थकते आणि निजते. हिज्कीयाची ही रीत तिला कोणीं शिकविली हें मला ठाऊक नाहीं. मीं तरी शिकविली नाहीं. उपदेशकांनीं आठवड्यांतून एक दिवस प्रार्थनेच्या वेळीं लोकांस विचारावें, ह्या आठवड्यांत कोणत्या बातमीनें तुमची झोप उडविली? ती सांगावी, खरी कीं खोटी हें ठाऊक आहे काय तें पाहावें, आणि मग कोणींतरी एकानें तीवर थोडक्यांत प्रार्थना करावी. जिच्यावर प्रार्थना करण्यास लाज वाटते अशी बातमी बहुधा दुसऱ्यास धाडण्याजोगीही नसते, हें लोकांस आपोआप कळूं लागतें. रात्रीं घरच्या प्रार्थनेनंतर मोबाईल उशाला न ठेवितां शास्त्राशेजारीं फळीवर ठेवावा, एवढें सांगितलें तरी पुष्कळ झालें.

हिज्कीयाच्या प्रार्थनेचें उत्तर यशयाकडून आलें. त्या उत्तरांत अश्शूरच्या नाशाचें भाकीत आहेच. आधींच्या एका निरोपांत देवानें असेंही कळविलें होतें कीं, सन्हेरीब एक अफवा ऐकेल व परत फिरेल. ज्यानें सर्व राष्ट्रांस वार्तांनीं भिवविलें त्यालाही एका वार्तेनें हलविणें देवाला अवघड नव्हतें. परंतु खूण म्हणून राजाला जें सांगितलें तें मला फार गोड वाटतें, आणि शेतकऱ्यांच्या मंडळीला तें अधिक समजेल. शत्रूच्या फौजांनीं शेतें तुडविलीं होतीं, पेरणीला तटाबाहेर पाऊल टाकतां येत नव्हतें. देवानें सांगितलें कीं, ह्या वर्षीं आपोआप उगवेल तें खावें, दुसऱ्या वर्षीं त्यापासून फुटेल तें खावें, तिसऱ्या वर्षीं मात्र पेरावें, कापावें व द्राक्षमळे लावावेत. राजानें साम्राज्याचें पत्र देवापुढें पसरलें आणि देवानें त्याला तीन हंगामांचें वेळापत्रक दिलें.

एके रात्रीं अश्शूरची छावणी मोडली व सन्हेरीब निनवेस परत गेला. शास्त्र पुढें शेतांविषयीं कांहीं सांगत नाहीं. पण तिसऱ्या वर्षीं वेशीचे दरवाजे उघडले असतील, आणि तटावर बसून रब्शाकेचें बोलणें गप्प राहून ऐकणारे तेच लोक खांद्यावर बियाणें घेऊन रानाकडे निघाले असतील.